ग्वाल्हेरचा उन्हाळा, ग्वाल्हेरची थंडी आणि घरातला पोपट: तापमान आणि आंघोळ कशी सांभाळाल

ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये पारा ४५ च्या घरात जातो आणि जानेवारीत धुकं धरलं की पहाटे ५ च्या आसपास उतरतो. पोपटांविषयी कुठेही वाचा, 'घरातलं तापमान १८ ते २९ अंश ठेवा' हे वाक्य सापडतंच. चूक नाही ते. पण ग्वाल्हेरच्या लष्कर या जुन्या भागातल्या दगडी घरात असं तापमान मिळतं ते मार्चात काही दिवस आणि दिवाळीच्या आगेमागे. बाकी वर्ष एकतर भाजण्यात जातं, नाहीतर कुडकुडण्यात. हा लेख त्या बाकीच्या वर्षासाठी आहे.

धडधाकट पोपट बरंच सोसतो, फक्त ते हळूहळू आलेलं असावं लागतं. एप्रिलपासून रोज थोडा थोडा वाढत गेलेला उकाडा अंगवळणी पडलेली बजरी (बजरिगार, हा छोटा पोपट) ३६-३७ अंशांतही खाते, पिते, चिवचिवते. तीच बजरी २४ अंशांच्या एसीतून उचलून दुपारी तीनला गॅलरीत ठेवली, किंवा डिसेंबरात संध्याकाळी न्हाऊ घालून दारातल्या वाऱ्यात टांगली, की दुसऱ्या दिवशी ती फुगून बसलेली दिसते. पोपट आकड्यापेक्षा झटक्यानं जास्त आजारी पडतात. खालची सगळी खटपट तो झटका टाळण्यासाठी आहे.

आधी बघा, पोपट कोणता आहे

कंठवाला हिरवा राघू, मोठा पहाडी, लालसर डोक्याचा टुइया हे आपले देशी पोपट. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ते घरात पाळता येत नाहीत, मग ते आजोबांच्या काळापासून घरात असोत की कोणी हौसेनं आणून दिलेले असोत. असा पक्षी घरात असेल तर वन विभागाला कळवा. 'पाप नको' म्हणून भर उन्हाळ्यात गच्चीवरून सोडून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या राघूला दाणा शोधता येत नाही की कावळ्या-घारींपासून जीव वाचवता येत नाही.

घरात ठेवता येतात ते परदेशी जातीचे: बजरी (बाजारात यालाच लव्हबर्ड म्हणून विकतात), खरा लव्हबर्ड, कॉकाटील, सन कन्युअर, आफ्रिकन ग्रे, मकाव. यातले कन्युअर, ग्रे, मकाव यांच्यासारखे आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या (CITES) यादीतले पक्षी असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बजरी आणि कॉकाटील त्या यादीत नाहीत.

जात कळली की हवामानाचं निम्मं गणित सुटतं. बजरी आणि कॉकाटील ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले, त्यामुळे आपला कोरडा उन्हाळा त्यांना त्यातल्या त्यात परवडतो. आफ्रिकन ग्रे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या दमट जंगलातला. त्याला इथली लू दुहेरी छळते, उष्णतेनं आणि कोरडेपणानंही. शिवाय आकार बघा. बजरीचं वजन जेमतेम ३०-४० ग्रॅम, ग्रेचं ४०० च्या पुढे. जीव जितका लहान तितका तो पटकन तापतो आणि पटकन गारठतो.

पारा मोजायचा तो दांडीपाशी

दोन-तीनशे रुपयांत तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा डिजिटल मीटर मिळतो. पोपटासाठी खेळणी घ्यायच्या आधी तो घ्या. भिंतीवर कुठेतरी लावून उपयोग नाही. पक्षी ज्या दांडीवर झोपतो तिच्याच उंचीवर, पिंजऱ्याच्या बाहेरून, चोच पोचणार नाही असा टांगा. सकाळी, दुपारी तीनच्या सुमारास आणि रात्री झोपायच्या आधी असे तीन आकडे आठवडाभर कॅलेंडरवर लिहीत जा.

रात्रीचा आकडा बघून पुष्कळ जण चकित होतात. आपल्याकडच्या जुन्या घरांवर दगडी पटियांचं, म्हणजे लांब फरश्यांचं, छत असतं. ते दिवसभर ऊन पितं आणि रात्री दहा-अकरापर्यंत खोलीत ओतत राहतं. वरच्या मजल्यावर, छताच्या कडीला पिंजरा टांगलेला असेल तर तुम्ही खाली गादीवर पंख्याखाली असता आणि पोपट बरोबर त्या तापलेल्या दगडाखाली. उन्हाळ्यात पिंजरा कडीवरून उतरवा, तळमजल्यावर आणा, छातीच्या उंचीवर स्टँडवर ठेवा. थंडीत उलटं करा. फरशीजवळची हवा गार असते, म्हणून पिंजरा जमिनीवर नको, आणि बाहेरच्या दगडी भिंतीला चिकटूनही नको. आतल्या, दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीशी ठेवा. वाड्याला चौक असेल तर चौकाकडची, सावलीतली खोली दोन्ही ऋतूंत बरी.

दार आणि खिडकी यांच्या नेमक्या मधली जागा कधीच नको, तिथे झोत लागतो. स्वयंपाकघर तर नाहीच नाही. त्याचं कारण थंडीच्या भागात येईल.

पोपटाचं अंग वाचायला शिका

पक्ष्यांना घाम येत नाही, घर्मग्रंथीच नसतात. अंगाचं तापमान मुळात ४० ते ४२ अंश, म्हणजे आपल्याला सणकून ताप वाटेल इतकं. उष्णता बाहेर टाकायला त्यांच्याकडे चोच उघडून धापा टाकणं, पंख अंगापासून दूर धरून बगलेतून हवा खेळवणं आणि उघड्या पायांतून रक्त गार करणं एवढेच उपाय आहेत.

म्हणून गरम होत असलेला पोपट सडसडीत दिसतो. पिसं अंगाला चपटी बसलेली, पंख खांद्यापासून सुटलेले, मान ताठ. इथपर्यंत घाबरायचं कारण नाही, सावली-पाणी-वारा बघा म्हणजे झालं. चोच उघडी ठेवून जोरजोरात धाप सुरू झाली की मात्र हातातलं काम टाका. दांडीवर झोकांड्या, डोळे अर्धे मिटलेले, तळाशी उतरून बसणं, हा उष्माघात आहे.

गारठलेला पोपट उलट गोलमटोल होतो. पिसं फुगवतो, एक पाय पोटात घेतो, चोच पाठीत खुपसतो. रात्री किंवा दुपारच्या डुलकीत हे नेहमीचंच. पण भर दिवसा, दोन्ही पायांवर बसून, फुगलेला आणि श्वासागणिक शेपूट वरखाली होत असेल, तर ती नुसती थंडी नाही, आजार आहे. पोपट दुखणं फार लपवतात. ते दिसेपर्यंत बरंच पुढे गेलेलं असतं.

उन्हाळा: कूलर, एसी, आणि वीज गेली तर

ग्वाल्हेरच्या लूमध्ये कूलरसारखं दुसरं साधन नाही. हवा इतकी कोरडी असते की चांगला कूलर खोली १०-१२ अंशांनी सहज उतरवतो, आणि हवेत ओलावाही घालतो, जो ग्रेसारख्या पक्ष्याला हवाच असतो. पण कूलरचं तोंड पिंजऱ्यावर रोखू नका. झोत भिंतीवर आपटून खोलीत फिरू द्या. पिंजऱ्यासमोर एक ओलं बोट धरून बघा. बोट एका बाजूनं झटकन गार पडलं तर झोत तिथे येतोय.

कूलरची दुसरी बाजू लोक विसरतात. मागच्या जाळीतला लाकडी भुसा किंवा वाळा गेल्या वर्षीचा तसाच असेल तर त्यात बुरशी असते, आणि पंखा ती बुरशी थेट खोलीत सोडतो. पोपटांच्या फुप्फुसांना बुरशी धरली तर औषधपाणी महिनोन्‌महिने चालतं, ग्रे त्यात सगळ्यात नाजूक. दर मोसमाला नवा भुसा किंवा वाळा, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची आणि उन्हात सुकवायची. पाण्यात सुगंधी द्रव्य घालू नका. वाळ्याचा स्वतःचा वास पुरे आहे.

एसी असेल तर २६-२७ वर ठेवा आणि तो दिवसभर तसाच चालणार असेल तरच पक्षी त्या खोलीत ठेवा. दुपारी दोन तास एसी, मग बिलाच्या धास्तीनं बंद, मग पुन्हा रात्री चालू, हा खेळ पोपटाला नकोसा. त्यापेक्षा सलग ३२ अंशांची कूलरची खोली बरी. पक्ष्याला एसीतून बाहेर न्यायचंच असेल तर एसी बंद करून दार उघडा, खोली तासाभरात आपसूक तापू द्या, मग न्या.

छताचा पंखा हे वेगळं संकट आहे. पोपट पिंजऱ्याबाहेर असताना पंखा बंद, याला अपवाद नाही. 'तो पंख्याला ओळखतो' असं सांगणारी माणसं प्रत्येक मोहल्ल्यात भेटतात. ओले पंख असतील तर पक्ष्याला वळताही येत नाही.

वीज गेली की खरी परीक्षा. इन्व्हर्टरवर एक छोटा टेबल पंखा पोपटाच्या खोलीत जोडून ठेवा. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठवलेल्या असू द्या. वीज गेल्यावर जाड टॉवेलात गुंडाळून एक बाटली पिंजऱ्याच्या एका बाजूला, बाहेरून टेकवा. एकाच बाजूला, म्हणजे पक्ष्याला हवं तर जवळ येता येईल, नको तर लांब सरकता येईल. खिडकीला वाळ्याची ताटी किंवा ओलं सुती धोतर लावलं तर लूचीच गार झुळूक होते. पण पूर्ण पिंजरा ओल्या चादरीनं झाकू नका. आत हवा कोंडते, दमटपणा वाढतो आणि धापा टाकून अंग गार करायची पोपटाची मुख्य सोय निकामी होते.

पाण्याची वाटी दिवसातून तीनदा बदला. मातीचा सकोरा पाणी गार ठेवतो हे खरं, पण माती पाणी पिते तशी घाणही धरते. म्हणून दोन सकोरे ठेवा, एक वापरात, एक घासून उन्हात. काकडी, कलिंगडाची फोड दुपारी द्या आणि दोन तासांत उरलेलं उचला; मे महिन्यात त्यावर माशी बसायला तेवढा वेळ पुरतो.

उष्माघात दिसला तर पक्षी आधी सावलीत, गार खोलीत न्या. पाय आणि पंखांच्या खालची कातडी साध्या, मटक्यातल्या पाण्यानं ओली करा, मंद वारा घाला. बर्फाचं पाणी नको, त्या धक्क्यानं जीव जाऊ शकतो. शुद्धीत असेल तर चोचीच्या कडेला थेंब लावा, स्वतः चाटू द्या. तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. धाप थांबून अंग सावरलं की ओलं करणंही थांबवा, नाहीतर तो गारठ्याकडे झुकतो. मग डॉक्टर, पक्षी ठीक दिसत असला तरीही.

आंघोळ

पोपटाची आंघोळ हौस म्हणून नसते. पिसं ही त्याची गोधडीही असते आणि छत्रीही. ती एकमेकांत नीट अडकलेली, स्वच्छ असली तरच थंडीत ऊब धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात हवा खेळू देतात. न्हाल्यावर पोपट तासभर चोचीनं एकेक पीस ओढून बसवत राहतो, आणि आंघोळीचा खरा फायदा त्या तासात होतो. कॉकाटील आणि ग्रे यांच्या अंगातून पांढरी भुकटी सतत गळते. आठवडाभर आंघोळ नाही मिळाली तर ती फर्निचरवर, कूलरच्या जाळीत आणि घरातल्या दमेकऱ्याच्या छातीत जाऊन बसते. पिसं झडायच्या दिवसांत नव्या पिसांवरचं पांढरं टोपण खाजतं, ते ओलाव्यानं सुटायला मदत होते.

*पाणी.* साधं, काही न घातलेलं. साबण, शाम्पू, जंतुनाशक, हळद, कडुनिंबाचा काढा, यातलं काहीही नको. खोबरेल तर मुळीच नाही. तेलानं पिसं चिकटून गोधडीचं फडकं होतं, आणि पोपट चोच फिरवतो तेव्हा ते तेल पोटातही जातं. ग्वाल्हेरात आणखी एक खबरदारी लागते: मेमध्ये सकाळी अकरानंतर गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी चटका बसेल इतकं गरम येतं, जानेवारीत तेच बर्फासारखं. म्हणून रात्री बादलीत भरून ठेवलेलं पाणी वापरा. मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं तर ना गार ना गरम वाटलं पाहिजे. बोअरचं पाणी फार जड असेल तर पिसांवर पांढरट थर बसतो, तेव्हा पिण्यासाठी गाळलेलं पाणीच आंघोळीलाही घ्या.

*वेळ.* उन्हाळ्यात सकाळी आठ ते दहा. थंडीत दुपारी बारा ते एक, ऊन पडलेल्या दिवशीच. नियम एकच धरा, सूर्य मावळायच्या किमान तीन-चार तास आधी पक्षी कोरडा खडखडीत असायला हवा. 'संध्याकाळी उकडतंय, न्हाऊ घालू' हा मोह मेमध्येही टाळा. ओला पोपट रात्री कूलरच्या हवेत बसला की सकाळी शिंकतो.

*किती वेळा.* उन्हाळ्यात बजरी-लव्हबर्डपुढे रोज पाणी ठेवा, न्हायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. कॉकाटील, कन्युअर, ग्रे यांना एक दिवसाआड फवारा, लूच्या दिवसांत रोजही चालेल. थंडीत आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. थंडीत आंघोळ पूर्ण बंद करणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. हीटर लावलेल्या खोलीची हवा एप्रिलइतकी कोरडी होते आणि कातडीला खाज सुटते. पिसं उपटायची सवय लागलेले पोपट बघा, त्यांच्या घरी हवा कोरडी आणि आंघोळ बंद, अशी जोडी पुष्कळदा सापडते. एकमेव कारण तेच असतं असं नाही, पण सुरुवात तिथून तपासायला सोपी.

आता पद्धत. लहान पक्ष्यांना पसरट, जड, काठ निसरडे नसलेली थाळी द्या. मातीची परळ उत्तम. पाणी पेरभर, म्हणजे बोटाच्या एका पेराइतकं, त्याहून जास्त नको. पहिल्यांदा थाळी पिंजऱ्याच्या तळाशी ठेवून लांब जा. बजऱ्या आधी अर्धा तास तिला शत्रूच समजतात. मग एक जण काठावर उतरतो, चोच बुडवतो, मागे सरतो. त्यानं एकदा पंख फडफडवले की बाकीचे रांगेत येतात.

थाळीला दाद देत नसतील तर पालेभाजी आणा. धुतलेल्या कोथिंबिरीची किंवा पालकाची ओलीचिंब जुडी पिंजऱ्याच्या गजाला उलटी बांधायची. पानांवरून थेंब टपकत असतात. बजरी आधी टोक कुरतडते, मग डोकं पानांत घालते, मग खांदा, मग उताणी पडल्यासारखी पाठ घासते. बघताना हसू येतं, आणि ती ओलीही होते. फक्त भाजी मंडईतून आली तशीच नको. दहा मिनिटं पाण्यात बुडवून, वाहत्या पाण्याखाली दोनदा धुऊन घ्या. फवारणीचं औषध माणसाला न जाणवण्याइतकं असलं तरी ३५ ग्रॅमच्या जिवाला ते पुष्कळ.

मोठ्या पक्ष्यांसाठी फवाऱ्याची बाटली. नवी कोरी घ्या. काचा पुसायच्या किंवा केसांच्या स्प्रेची जुनी बाटली कितीही धुतली तरी वास उरतो. तोंड सगळ्यात बारीक धुक्यावर फिरवा. पहिले दोन दिवस फवारा पोपटावर मारूच नका. बाटली शेजारी ठेवा, हातात धरून फिरा, दूर हवेत एकदा मारून दाखवा. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्याच्या वर, हातभर उंच, वरच्या दिशेनं मारा, म्हणजे तुषार पावसासारखे खाली येतील. समोरून तोंडावर मारलेला फवारा पोपट विसरत नाही. पुढे बाटली दिसली की चावतो. ग्रे आणि कॉकाटीलच्या अंगावर पहिलं पाणी अळवाच्या पानावर राहावं तसं मोत्यांसारखं थांबतं आणि ओघळून जातं. ते भिजत नाहीत म्हणून जोर वाढवू नका. मिनिटभर थांबा, पुन्हा तुषार, पुन्हा थांबा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी भुकटी निघते आणि पाणी आत शिरतं.

आवडतंय का, हे तो अंगानं सांगतो. पंख पसरले, शेपटीचा पंखा झाला, डोकं खाली घालून अंग डोलवायला लागला की चालू ठेवा. पिसं घट्ट आवळली, मान वर ताणली, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात सरकला की थांबा. पाच मिनिटांवर कधी जाऊ नका. काही पोपट नळाच्या बारीक धारेखाली किंवा न्हाणीघरात शॉवरच्या कडेला दांडीवर बसून न्हातात. तिथे शॉवरचा जोर आणि गिझरचं पाणी या दोन्हींवर आपली नजर हवी, दार बंद आणि कमोडचं झाकणही बंद.

*वाळवणं.* पोपट आपला आपण वाळतो. टॉवेलानं पुसू नका, पिसांची बैठक मोडते. हेअर ड्रायर वापरू नका. त्याची हवा नेमकी किती तापते याचा अंदाज येत नाही, आणि काही ड्रायरमध्ये आत नॉनस्टिकसारखा लेप असतो, त्याची वाफ पक्ष्यांना घातक. थंडीत पिंजरा उन्हाच्या तिरिपेत ठेवा, पण अर्ध्या भागावर सावली असू द्या, म्हणजे पुरे झालं की तो सरकेल. उन्हाळ्यात सावलीच, आणि पूर्ण वाळेपर्यंत त्या खोलीत ना कूलर ना पंखा. एवढा वेळ नको वाटत असेल तर कूलर सुरू करायच्या आधी, सकाळच्या गारव्यातच आंघोळ उरकून टाका.

आजारी, शिंकणाऱ्या, फुगून बसलेल्या पक्ष्याला आणि पिसं न फुटलेल्या पिलांना आंघोळ नाही. नवीन आणलेल्या पक्ष्याला आधी घर ओळखू द्या.

पावसाळा, थोडक्यात

जुलै-ऑगस्टात कूलर निरुपयोगी, उलट घातक. हवा आधीच ओली, त्यात आणखी ओलावा. पंखा आणि उघड्या खिडक्या, किंवा एसी. आंघोळ फक्त सकाळी, आणि आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी फवारा चुकवा. दाणे महिन्याभराचे भरू नका. आठवड्याचेच आणा आणि बरणीत हात घालून वास घ्या. कोंदट वास आला की फेकून द्या. लाकडी दांड्या दोन जोड ठेवा, एक वापरात, एक उन्हात.

थंडी: ऊब द्या, धूर नको

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा भरतो त्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, रात्री खोलीत ८-१० अंश सहज होतात. निरोगी, कोरडी, सवयीची बजरी एवढ्यात तग धरते. पण लव्हबर्ड, कन्युअर, ग्रे यांच्यासाठी खोली १६-१८ च्या खाली जाऊ नये. आजारी पक्षी कोणताही असो, त्याच्या पिंजऱ्याजवळ ३० अंशांच्या आसपास हवं.

पहिली पायरी पांघरूण. पिंजऱ्याच्या तीन बाजू आणि माथा जाड सुती चादरीनं झाका, समोरची बाजू निम्मी उघडी. आता ती चादर कुठून आली ते बघा. आपल्याकडे ट्रंकेतून गोधड्या, शाली निघतात त्या डांबरगोळ्यांच्या वासासकट. तो वास म्हणजे नॅफ्थलीन, आणि पोपटाच्या नाकाला रात्रभर चिकटून राहणारा तो विषारी वायू आहे. पिंजऱ्याची चादर वेगळी ठेवा, ट्रंकेत टाकू नका, वास येणारी असेल तर धुऊन दोन दिवस उन्हात घाला. लोकरीच्या आणि जाळीदार विणीच्या वस्तूही नकोत, नखं अडकतात.

दुसरी पायरी हीटर. पक्ष्यांच्या घरात सगळ्यात बरा तेलाचा, उभ्या पात्यांचा (पंखा नसलेला) रेडिएटर. तो हळू तापतो, हळू गार होतो, आणि तेच आपल्याला हवं आहे. पिंजऱ्यापासून निदान तीन-चार हात लांब. नवा हीटर आणला की पोपटाच्या खोलीत लावू नका. आधी गॅलरीत किंवा उघड्या खोलीत दोन-तीन तास पूर्ण तापवून त्याचा नवेपणाचा वास जाळून टाका. उष्ण पृष्ठभागावर नॉनस्टिक लेप असलेला हीटर घेऊच नका.

बल्ब लावायचा का, हे शेजारच्या काकू दर डिसेंबरात विचारतात. "अहो काकू, एलईडीनं उजेड पडतो, ऊब नाही," एवढं सांगून भागत नाही, कारण जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब ऊब देतो पण रात्रभर उजेडही देतो. पोपटाला १० ते १२ तास अंधारी झोप लागते. ती मोडली की चिडचिड, किंचाळणं, अवेळी अंडी घालणं सुरू होतं. उजेड न देणारा सिरॅमिकचा ऊब-बल्ब मिळतो, तो थर्मोस्टॅटला जोडून, पिंजऱ्याच्या बाहेर, एकाच कोपऱ्यावर रोखा. त्यावर जाळी हवी आणि वायर चोचीच्या टप्प्याबाहेर.

सिगडी मात्र नाही. कोळशाची सिगडी बंद खोलीत ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्यानं माणसंही दगावतात. पोपट आधी जातो. पक्ष्यांची श्वसनव्यवस्था अशी आहे की फुप्फुसांसोबत हवेच्या पिशव्या असतात आणि हवेतलं जे काही असेल ते आपल्यापेक्षा कितीतरी भराभर रक्तात जातं. थंडीत आपण दारं-खिडक्या घट्ट लावतो, म्हणून हे सगळं थंडीतच जास्त घडतं. नॉनस्टिक तवा गॅसवर विसरला आणि भलताच तापला तर त्यातून निघणाऱ्या वाफेनं दुसऱ्या खोलीतला पोपट काही मिनिटांत मरू शकतो. एअर फ्रायरच्या भांड्यालाही बहुतेक वेळा तोच लेप असतो. मच्छर अगरबत्ती, धूप, मिरचीच्या फोडणीचा ठसका, अत्तराचे फवारे, सगळं पोपटाच्या खोलीपासून दूर. घरात नॉनस्टिक आहे तोवर पिंजरा स्वयंपाकघरापासून जितका लांब ठेवाल तितका बरा. लोखंडी तवा आणि बिडाची कढई घेतलीत तर प्रश्नच मिटतो.

दुपारी ऊन आलं की तासभर खिडकी उघडा, हवा बदलू द्या. त्या वेळात पिंजरा झोतातून बाजूला घ्या. काचेआडून येणारं ऊन ऊब देतं, पण त्यातली हाडांना लागणारी अतिनील किरणं काच अडवते. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा पिंजरा, वारा नसेल तेव्हा, काचेशिवायच्या उन्हात अर्धा तास ठेवा, आणि मांजरावर लक्ष ठेवा.

ऋतू बदलताना

मार्च आणि ऑक्टोबर हे घाईचे महिने नव्हेत. पांघरूण एकदम काढू नका. आधी समोरची बाजू पूर्ण उघडी, काही दिवसांनी एक बाजू, मग माथा. कूलरही पहिल्या दिवशी रात्रभर नको. दुपारी दोन तास, मग चार. दिवाळीनंतर हीटरचंही तसंच, मीटर बघून हळूहळू वाढवा. या दिवसांत स्वयंपाकघरातल्या ग्रॅमवाल्या काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करा, दर वेळी सकाळी, खाण्याआधी. कॉकाटील ९० ग्रॅमचा ८१ वर आला, म्हणजे दहावा हिस्सा उतरला, तर तो कितीही बडबड करत असला तरी डॉक्टरांकडे न्या.

तो डॉक्टर आजच शोधून ठेवा. गावात गुरांचे आणि कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर भरपूर आहेत, पक्षी हातात धरून तपासणारे थोडे. फोन करून सरळ विचारा, "पोपट बघता का?" आणि नंबर पिंजऱ्याजवळ लिहून ठेवा. नेताना लहान पिंजरा किंवा भोकं पाडलेला खोका घ्या, तळाशी जुना टॉवेल, पाण्याची वाटी काढून तिच्या जागी काकडीचा तुकडा. मेमध्ये सकाळी नऊच्या आत निघा, गाडी आधी गार करून मग पक्षी ठेवा आणि उभ्या गाडीत त्याला एकट्याला सोडू नका. जानेवारीत खोक्यावर शाल आणि बाजूला टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. पोचल्यावर डॉक्टरांना कॅलेंडरवर लिहिलेले तापमानाचे आणि वजनाचे आकडे दाखवा.